शाळेत मुलाला रंगावरून चिडवतात : तक्रार कुठून सुरू करायची आणि कोणत्या क्रमाने न्यायची

असा प्रकार कळला की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. वडील तावातावाने शाळेत जातात आणि शिपाईमामांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांवर ओरडून येतात. नाहीतर आई संध्याकाळी बेसन-हळदीची वाटी घेऊन बसते. पहिल्या प्रकारात तक्रारीची कुठे नोंदच राहत नाही आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मुलाला आणखी ऐकावं लागतं. दुसऱ्या प्रकारात मुलीची खात्री पटते की चिडवणारे बरोबरच बोलत होते, म्हणून तर आईसुद्धा माझा रंग घासून काढतेय.

क्रम चुकला की खरी तक्रारही वाया जाते. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. शिक्षकाने हात उचलला असेल, कुणी जातीवरून बोललं असेल किंवा मूल जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असेल, तर मात्र थेट पायरी ८ वर जा.

पायरी १ : आधी घरातलं आवरा (पहिल्याच दिवशी)

मोरीतल्या फळीवर आणि आरशापाशी काय काय आहे ते बघा. गोरं करण्याचा दावा असलेली ट्यूब असेल तर मागचा बारीक मजकूर वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली अशी ट्यूब महिनोन्‌महिने लावली की कातडी पातळ होते, चेहऱ्यावर लव आणि पुटकुळ्या येतात आणि उन्हात गेलं की आग होते. बरेच दिवस वापरली असेल तर एकदम बंद करू नका, चेहरा लाल होऊन पेटतो. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

लिंबू चोळून उन्हात पाठवणं तर अजिबात नको. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि मागे काळपट डाग राहतात. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये त्याला वेळही लागत नाही.

मानेचं वेगळं सांगायला हवं. मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखा जाड काळपट पट्टा दिसतो तो मळ नसतो. “मान धूत नाहीस का?” असं मुलांना वर्गातही ऐकावं लागतं आणि घरीही, मग ती दगडाने घासतात आणि पट्टा आणखी गडद होतो. वजन जास्त असलेल्या मुलांत हे इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असू शकतं. डॉक्टरांना दाखवा, रक्तातली साखर तपासा आणि घासणं बंद करा.

मग घरातली वाक्यं. “उन्हात खेळू नको, काळी होशील.” “हा रंग तुला खुलत नाही.” “धाकटी गोरी आहे, हिचंच बघावं लागेल.” आजी, आत्या, मावशी हे प्रेमाने बोलतात, पण वर्गात ऐकलेल्या शब्दावर घरचा शिक्का त्यामुळेच बसतो. त्यांना मुलासमोर टोकू नका. बाजूला घेऊन सांगा, “आई, शाळेत हिला यावरूनच त्रास देतायत, आता घरात हा विषय नको.” आजीला कारण कळलं की बहुतेक वेळा ती स्वतःच ढाल होते.

> तपासा : आठवडाभर घरात कुणी मुलाच्या रंगावर चांगलं किंवा वाईट काहीही बोललं का? “काळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे” हेसुद्धा मोजा.

पायरी २ : ऐकून घ्या

मूल आपणहून क्वचितच सांगतं. ते दिसतं वेगळ्याच ठिकाणी : भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडावर पावडरचा थर, फोटोच्या वेळी मागे सरकणं, खेळाच्या तासाला पोटदुखी, दर सोमवारी सकाळी ताप आल्यासारखं वाटणं, न उघडता परत आलेला डबा. चित्रकलेच्या वहीत स्वतःचं चित्र काढताना ‘स्किन कलर’ म्हणून मिळणारी फिकट गुलाबी पेन्सिल वापरली असेल, तर तेही लक्षात ठेवा.

विचारायची वेळ महत्त्वाची. समोरासमोर बसवून चौकशी केली की मूल गप्प होतं. दुचाकीवरून येताना, शेंगा सोलताना, रात्री दिवा मालवल्यावर विचारा. प्रश्न साधे ठेवा : काय म्हणाले? कुठे? तेव्हा कोण कोण होतं? तू काय केलंस? सरांना किंवा बाईंना कळलं का?

ही तीन वाक्यं टाळा :

“दुर्लक्ष कर.” मूल ते आधीच करून थकलेलं असतं.
“तूही म्हण की त्याला जाड्या.” उद्या तक्रार तुमच्याच मुलावर येते आणि मूळ प्रकार झाकला जातो.
“कृष्णसुद्धा काळाच होता.” हेतू चांगला असतो, पण आठवीतल्या मुलाला त्यातून एवढंच कळतं की घरच्यांनाही उत्तर सुचत नाहीये.

त्याऐवजी म्हणा, “तू सांगितलंस ते बरं केलंस. हे चुकीचं आहे आणि तुझ्यामुळे झालेलं नाही. पुढे काय करायचं ते आपण दोघं ठरवू, तुला विचारल्याशिवाय मी शाळेत जाणार नाही.” आणि हा शब्द पाळा.

पायरी ३ : वही घाला

चाळीस पानी एक साधी वही घ्या. दर प्रसंगाला एक नोंद, त्याच दिवशी. यात सगळ्यात जास्त चूक होते ती शब्दांत. “वाईट बोलतात”, “त्रास देतात” असं लिहिलं तर शाळेकडून एकच उत्तर येतं, “मुलं आहेत, मस्करी चालतेच.” जे शब्द उच्चारले तेच लिहा, घाण वाटले तरी. अशी :

> मंगळवार, मधली सुट्टी, पाण्याच्या टाकीजवळ. त्याच वर्गातली दोन मुलं (नावं). शब्द : “काय बे डांबर, लाइट गेली तर दात दाखव.” बाकी चार-पाच जण हसले. शेजारच्या बाकावरच्या मुलीने ऐकलं. बाई टाकीपाशी नव्हत्या. नंतरच्या तासाला हिने हात वर केला नाही.

शेवटची ओळ विसरू नका. परिणामाची नोंद असली की ‘मस्करी’ हा शब्द टिकत नाही. ग्रुपवर काही आलं असेल तर नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा आणि मगच ग्रुपमधून बाहेर पडा. आधी बाहेर पडणारे पालक पुरावा हातचा घालवतात.

किती दिवस लिहायचं? मुलं-मुलांतला प्रकार असेल तर आठ ते दहा शाळेचे दिवस पुरतात. शिक्षकाचं बोलणं असेल तर एक नोंदही पुरेशी आहे.

> सावधान : दप्तरात चालू रेकॉर्डिंगचा मोबाइल लपवून पाठवू नका. पकडलं गेलं की चर्चा फक्त मोबाइलची होते आणि शिक्षा तुमच्या मुलाला.

पायरी ४ : प्रकार ओळखा

‘चिडवतात’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात आणि चारींची वाट एकच नाही.

*निव्वळ रंग.* काळ्या, कोळसा, तवा, कावळा, “आफ्रिकेहून आलास का?”. वाट : वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक. शेवटच्या टोमण्यात आपल्या मुलाचा अपमान आहे तसाच आफ्रिकेतल्या माणसांचाही आहे. “मी आफ्रिकेतला नाही” हे उत्तर मुलाला शिकवू नका, त्याने तो टोमणा मान्यच केल्यासारखा होतो.

*भाषा आणि चेहरा.* घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाच्या मराठीची नक्कल, उर्दू माध्यमातून आलेल्या मुलीला दिलेलं नाव, ईशान्येकडून किंवा नेपाळहून आलेल्या कुटुंबातल्या मुलाला ‘चायनीज’ म्हणणं. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तीन भाषा चालतात, तरी ‘ळ’ नीट आला नाही म्हणून पोराला वर्गात उभं करून पुन्हा पुन्हा म्हणायला लावतात. वाट तीच, पण अर्जात ‘भाषेवरून’ असं स्पष्ट लिहा.

*जात.* रंगाच्या आडून जात काढली जाते हे आपल्याकडे नेहमीचं आहे. “तुमच्यातले असेच दिसतात” यातलं ‘तुमच्यातले’ कशाबद्दल आहे ते मुलाला विचारा. जातीचं नाव घेतलं असेल तर हे मस्करीत मोडत नाही. पायरी ८ बघा.

*शिक्षकाचं बोलणं किंवा निवड.* हजेरी घेताना “कोण, तो काळा का?” म्हणणं. बक्षीस समारंभात पाहुण्यांच्या औक्षणाला फक्त गोऱ्या मुली उभ्या करणं. वाट : थेट मुख्याध्यापकांना लेखी अर्ज (पायरी ७). शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ प्रमाणे शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी आहे, आणि तसं करणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत अपमानकारक नावं ठेवणं आणि पार्श्वभूमी किंवा जातीवरून हिणवणं हे मानसिक छळातच धरलं आहे.

एक बारकावा सोलापूरकरांनी ध्यानात ठेवायचा. इथे भाषिक आणि धार्मिक अल्पसंख्याक संस्थांच्याही शाळा आहेत. शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. तुमची शाळा त्यात येत असेल तर अर्जात कलम १७ लिहू नका, संस्थेचा वकील पहिल्याच वाक्यात ते खोडेल. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ लिहा. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला अनावश्यक मानसिक वा शारीरिक त्रास होईल असं वागणं हा त्यात गुन्हा आहे.

पायरी ५ : मुलाच्या तोंडात दोन वाक्यं बसवा

तक्रार चालू असताना मूल रोज त्याच वर्गात जाणार आहे. त्याला लांबलचक उत्तर नको, दोन छोटी वाक्यं हवीत : “माझ्या रंगावर बोलू नकोस.” आणि “परत बोललास तर मी बाईंना सांगणार.” एवढं बोलून तिथून निघायचं आणि थेट एखाद्या मोठ्या माणसाजवळ जाऊन उभं राहायचं.

घरी उभ्याने सराव करा, पाच-सहा वेळा. आवाज चढवायचा नाही आणि नजर समोरच्याच्या कपाळावर ठेवायची, डोळ्यांत बघणं अनेक मुलांना जमत नाही. आधी तुम्ही चिडवणारे व्हा, मग भूमिका बदला. दुसऱ्या फेरीत मूल जे शब्द वापरेल, तेच त्याला वर्गात ऐकावे लागत असतात. ते वहीत घ्या.

सोबत एक मित्र ठरवा. त्याने भांडायचं नाही, फक्त “चल” म्हणून हात धरून न्यायचं. रिक्षात किंवा व्हॅनमध्ये त्रास होत असेल तर रिक्षावाल्या काकांना सांगून जागा बदलून घ्या. हे एका दिवसात होतं, तरी पालक तिथे बोलतच नाहीत.

पायरी ६ : वर्गशिक्षकांना भेटा

शाळा सुटताना फाटकावर गाठू नका. आदल्या दिवशी निरोप द्या, “पंधरा मिनिटं हवी आहेत, मुलाविषयी बोलायचं आहे.” शक्यतो आई-वडील दोघं जा. काका, मामा, वॉर्डातले कार्यकर्ते यांना नेऊ नका. चार माणसं बघितली की शिक्षक स्वतःच्या बचावाला लागतात आणि मुलाचा विषय बाजूला पडतो.

वहीतल्या तीनच नोंदी वाचून दाखवा. मग नेमकं मागा : बसण्याची जागा बदलणं, मधल्या सुट्टीत टाकीपाशी कुणीतरी उभं राहणं, त्या मुलांशी वेगळं बोलणं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा भेट.

> सावधान : “त्या पोराला सगळ्यांसमोर उभं करून माफी मागायला लावा” ही मागणी करू नका. पूर्ण वर्गासमोर तो शब्द पुन्हा उच्चारला जातो आणि तुमच्या मुलाचं तेच नाव कायमचं पडतं. माफी हवी तर बंद खोलीत, दोन्ही मुलं आणि शिक्षक एवढ्यांसमोर.

दुसऱ्या मुलाच्या घरी फोन करू नका. एकाच पेठेत राहत असाल, एकमेकांच्या लग्नकार्यात जेवलेले असाल, तरीही. तो फोन दोन घरांचं भांडण होतो आणि शाळा हात झटकते. पालकांच्या ग्रुपवरही मुलाचं नाव टाकू नका. ते पोरही अल्पवयीनच आहे आणि त्याची ओळख अशी फिरवली तर तुम्हीच अडचणीत येता.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी बाईंना एक मेसेज करा : “आज आपण भेटलो. ठरलं ते असं... धन्यवाद.” पुढे ही तुमची पहिली लेखी नोंद ठरते.

पायरी ७ : मुख्याध्यापकांना लेखी अर्ज

दोन आठवड्यांत फरक पडला नाही किंवा बोलणारे शिक्षकच असतील, तर अर्ज द्या. एक पान, साधं मराठी :

> प्रति, मा. मुख्याध्यापक, (शाळा), सोलापूर.
> विषय : इ. ६ वी ‘ब’ मधील माझ्या मुलीस वर्णावरून वारंवार अपमानित केले जात असल्याबाबत.
> महोदय, ता. __ ते ता. __ या काळात माझ्या मुलीस वर्णावरून __ वेळा अपमानित करण्यात आले. तारीखवार तपशील सोबत जोडला आहे. ता. __ रोजी वर्गशिक्षकांना भेटून माहिती दिली होती; प्रकार थांबलेला नाही. त्यामुळे मुलीने __ (खेळाचा तास टाळणे, गैरहजेरी इ.). कृपया चौकशी करून केलेली कार्यवाही आम्हास ७ दिवसांत लेखी कळवावी. चौकशीत मुलीला इतर मुलांसमोर बोलावू नये, ही विनंती.
> आपला/आपली, (नाव, सही, मोबाइल)

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्या. “ठेवून जा, साहेब बघतील” यावर परत फिरू नका. पोहोच दिली नाही तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती वहीला चिकटवा. कितीतरी प्रकरणं पुढे अडतात ती या एका शिक्क्यावाचून.

अर्जाची एक प्रत शाळेच्या सखी सावित्री समितीला (मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असणारी समिती) द्या. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांनाही द्या. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालकच असतात, म्हणजे बोलायला ओळखीचा माणूस सापडतो. शाळेत तक्रारपेटी असायला हवी. ती कुठे आहे ते मुलाला दाखवून ठेवा, पण फक्त तिच्यावर विसंबू नका, पेटीतल्या चिठ्ठीची पोहोच मिळत नाही.

पायरी ८ : शाळेबाहेर

इथे चुकीच्या टेबलावर गेलेला अर्ज महिनाभर फिरत राहतो.

जिल्हा परिषदेची शाळा : केंद्रप्रमुख, मग तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी (प्राथमिक).
महापालिकेची शाळा : महापालिकेच्या शिक्षण विभागाचे प्रशासन अधिकारी.
माध्यमिक शाळा : आधी संस्थेचे सचिव, मग जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी (माध्यमिक).

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार दिली तर दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. हा कायदा ६ ते १४ वयासाठी आहे. नववी-दहावीच्या मुलासाठी कलम ३२ लिहिलं की अर्ज परत येतो.

जातीवरून अपमान झाला असेल आणि मूल अनुसूचित जाती किंवा जमातीचं असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो. कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) मध्ये चारचौघांना दिसेल अशा ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान आणि जातीवाचक शिवीगाळ हे गुन्हे आहेत, मात्र बोलणारा त्या समाजांबाहेरचा असावा लागतो. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे कलम १८-अ मध्ये लिहिलेलं आहे. बोलणारा १८ वर्षांखालचा असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. मदतीसाठी १४५६६ हा क्रमांक आहे.

मारहाण किंवा धमकी असेल तर १०९८ लावा, हा मुलांसाठीचा चोवीस तासांचा मोफत क्रमांक आहे. मूल जेवत नसेल, झोपत नसेल किंवा मरणाचं बोलत असेल तर अर्ज बाजूला ठेवा. १४४१६ वर टेलिमानसला (मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा) फोन करा, मराठीत बोलता येतं. आणि त्याच दिवशी सिव्हिलच्या किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. त्या रात्री मुलाला एकटं झोपवू नका.

पायरी ९ : गॅदरिंगच्या आधी बोला

डिसेंबर-जानेवारीत, सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते त्याच्या आगेमागे, शाळांची गॅदरिंग होतात आणि वर्षभर शांत असलेला प्रकार तेव्हा वर येतो. राक्षस, चोर, नोकर हे सावळ्या पोराला, राजा आणि परी गोऱ्याला. नाच चांगला येत असूनही मुलगी तिसऱ्या रांगेत.

भूमिका वाटून झाल्यावर बोललात तर “आता बदल कसा करू?” हेच ऐकावं लागतं. नोव्हेंबरमध्येच बाईंना विचारा, निवड कशावर करणार? पाठांतर, आवाज, नाच यांवर म्हणाल्या तर तेच पुढे धरून ठेवा.

मेकअपचंही आधीच ठरवा. मेकअपवाले दादा एकच फिकट पॅनकेक पन्नास पोरांना लावतात, सावळ्या चेहऱ्यावर तो राखेसारखा दिसतो, मान वेगळी आणि चेहरा वेगळा, आणि नेमका तोच फोटो ग्रुपवर फिरतो. मुलीच्या रंगाशी जुळणारा पॅनकेक घरून द्या, आदल्या दिवशी जबड्याच्या कडेला लावून उजेडात बघा. न मिळाला तर काजळ आणि टिकली पुरे.

पायरी १० : थांबलं का ते बघा

“आता नाही त्रास देत” यावर वही बंद करू नका. अनेक मुलं आई-वडिलांचे हेलपाटे बघून खोटं सांगतात. दुसऱ्या खुणा बघा : डबा संपतो का, हात वर होतो का, बाह्या वर सरकल्या का, फोटोत पुढे येतं का. दोन आठवड्यांनी एकदा, महिन्याने एकदा बाईंना विचारा, आणि उत्तर तारखेसह लिहा.

जूनमध्ये तुकडी बदलते, बाई बदलतात आणि वर्षभराची माहिती जुन्या बाईंसोबत जाते. शाळा उघडली की पहिल्या आठवड्यातच नव्या वर्गशिक्षकांना भेटा आणि एक पान द्या : काय झालं होतं, कोणाला एका बाकावर बसवू नये, कशाने फरक पडला. मागच्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत त्याला टाचून द्या.